शोध कुठे थांबवायचा?

रहस्यकथेतला जंगलातला शोध कसा असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्र, पाऊस, बॅटऱ्यांची रांग, मध्येच कुत्रं भुंकतं, झुडपात अडकलेला कापडाचा तुकडा दिसतो आणि पुढच्या प्रकरणात माणूस सापडतो. जिवंत किंवा मेलेला, पण सापडतो. ज्या ठिकाणी काहीच मिळालं नाही अशा दहा ठिकाणांबद्दल लेखक लिहीत नाही. वाचकाला त्यात रस नसतो.

संशोधन करायला निघालेल्या माणसाला मात्र त्या दहा ठिकाणांतच रस असायला हवा. कारण तुमची बरीच वर्षं 'सापडलं नाही' हेच लिहिण्यात जाणार आहेत. म्हणून आज शोधाचा थोडा इतिहास सांगतो. जागा आपलीच आहे, कर्जत-खालापूरचे डोंगर. प्रश्न एकच धरून ठेवा: 'सापडलं नाही' या वाक्याचा नेमका अर्थ काय?

सुरुवात १९४२ पासून करू. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, चलेजाव आंदोलनात भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडायला सुरुवात केली. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावलं, पोलीस मागावर सुटले. पण कर्जत-मुरबाडच्या रानात कारवीची दाटी, एकातून दुसरी फुटणारी घळ आणि वाड्यापाड्यांतून मिळणारी भाकरी. महिनोन्महिने दस्ता हाती लागला नाही. शेवटी २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. ठावठिकाणा फितुरीतून कळला, असं या भागात आजही सांगतात.

भावना क्षणभर बाजूला ठेवून पोलिसांच्या बाजूने हा शोध पाहा. पायांनी जे महिनोन्महिने झालं नाही, ते एका माहितीने झालं. शंभर माणसं चुकीच्या डोंगरावर पाठवली, तर ती कितीही डोळ्यांत तेल घालून शोधोत, हाती शून्यच येणार. म्हणजे यश दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: माणूस त्या भागात असण्याची शक्यता किती, आणि तो तिथे असलाच तर आपल्याला दिसण्याची शक्यता किती. दोहोंपैकी एक शून्य झालं की गुणाकार शून्य.

योगायोग असा, की या गुणाकाराचं गणित त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला मांडलं जात होतं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. त्या शोधायच्या कशा, यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शास्त्रज्ञांचा एक गट नेमला. कोलंबिया विद्यापीठातले गणितज्ञ बर्नार्ड कूपमन त्या गटात काम करू लागले. युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी शोधाच्या सिद्धांतावर अहवाल लिहिला. तो आधी गोपनीय होता. पुढे १९५६-५७ मध्ये त्यांचे यावरचे लेख जाहीरपणे छापून आले. आज डोंगरात हरवलेल्या माणसाचा पद्धतशीर शोध ज्या गणितावर चालतो, त्याचं मूळ इथे आहे.

कूपमन यांचा एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या भागात विस्कळीतपणे फिरत, एकूण त्या भागाच्या क्षेत्रफळाइतकी जागा नजरेखालून घातली, तर तिथे असलेली वस्तू दिसण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. दुप्पट मेहनत केली तर सुमारे ८६ टक्के. शंभर कधीच होत नाही. आपण सहज म्हणतो ना, "अख्खा डोंगर पिंजून काढला", ते वाक्य गणिताला मान्य नाही.

आता एक उदाहरण वहीवर करून पाहा. समजा, कर्जतजवळच्या एका डोंगरावरून उतरताना एकजण वाट चुकला. शेवटचा फोन जिथून आला, तिथून खाली दोन घळी जातात. पहिलीत तो असण्याची शक्यता ६० टक्के, दुसरीत ४०. पथक पहिल्या घळीत उतरतं. हवा स्वच्छ आहे, झाडोरा विरळ आहे, म्हणून तो तिथे असेल तर दिसण्याची शक्यता ७० टक्के धरू. सापडत नाही. मग पहिल्या घळीच्या ६० पैकी ३० टक्केच, म्हणजे १८ उरले. दुसरीचे ४० तसेच. बेरीज ५८. त्या प्रमाणात पहिली घळ आता ३१ टक्क्यांवर आली, दुसरी ६९ वर. पथक दुसरीकडे हलवा.

आता तोच शोध जुलैमध्ये घ्या. धुकं, ओढ्याच्या आवाजात हाक विरतेय, कारवी डोक्याच्या वर गेलीय. दिसण्याची शक्यता फक्त २० टक्के. पुन्हा सापडत नाही. या वेळी ६० पैकी ४८ उरतात, दुसरीचे ४०. म्हणजे पहिली घळ अजूनही साधारण ५५ टक्क्यांवर आहे! दोन्ही पथकं संध्याकाळी एकच वाक्य घेऊन आली, 'पहिल्या घळीत सापडला नाही.' पण एका वाक्याचा अर्थ 'पुढे जा' आणि दुसऱ्याचा 'तिथेच परत शोधा'. कसं शोधलं हे लिहिलं नसेल, तर पुढची टीम चुकीच्या घळीत उतरणार.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झालीय. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. विमानाच्या नोंदयंत्रांना ध्वनिसंकेत देणारी उपकरणं लावलेली असतात. विमानाच्या शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळचा समुद्र त्या संकेतांसाठी तपासला गेला. काही ऐकू आलं नाही, म्हणून नंतरची शोधमोहीम इतरत्र सरकली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी सगळ्या मोहिमांच्या नोंदी पुन्हा मांडल्या आणि विचारलं, ती उपकरणंच बंद पडली असतील तर? तसं धरलं की तपासून सोडलेला भाग पुन्हा सर्वाधिक शक्यतेचा ठरत होता. ३ एप्रिल २०११ रोजी, नवी मोहीम सुरू झाल्यावर काही दिवसांतच, शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून सुमारे १२ किलोमीटरवर अवशेष सापडले. जुन्या नोंदी नीट ठेवल्या होत्या, म्हणूनच त्या उलटतपासता आल्या.

आता परत खालापूरला येऊ. या लेखातला अवघड भाग इथे आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावर दरड कोसळली आणि पायथ्याशी नव्हे, डोंगरातच वसलेली इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती तिच्याखाली गेली. गाडीरस्ता नव्हता. खालून पायवाटेने चढून जावं लागत होतं, पाऊस थांबत नव्हता. यंत्रं वर नेता आली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, ट्रेकिंग करणाऱ्या संस्थांचे स्वयंसेवक आणि गावकरी फावड्यांनी आणि हातांनी चिखल उपसत होते. मदतीसाठी वर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला.

पहिल्या दिवशी शंभरावर माणसं अडकल्याची भीती होती. पण किती माणसं शोधायची हेच आधी ठरवावं लागत होतं. वस्तीची काही मुलं आश्रमशाळेत होती, काही माणसं त्या रात्री घरी नव्हती. म्हणजे वर ढिगारा उपसला जात असताना खाली यादी तपासली जात होती. नाव, घर, शेवटचं कुणी कधी पाहिलं. बेपत्तांच्या यादीतली किती तरी माणसं फावड्याने नव्हे, या चौकशीने सापडली. शेवटी आकडे असे जुळले: वस्तीतले २२८ जण, त्यांपैकी १४४ हयात, २७ मृतदेह हाती लागले, ५७ बेपत्ता. २३ जुलैला, नातेवाईक आणि ग्रामस्थांशी बोलून, शोध थांबवल्याचं जाहीर झालं.

५७ माणसं शोधायची राहिलेली असताना शोध थांबवणं कुणाला बरं वाटेल? पण गुणाकार आठवा. माणसं तिथेच आहेत याबद्दल शंका नव्हती. ती जिवंत असण्याची आशा मात्र तासागणिक कमी होत होती. तोच उतार पुन्हा घसरला असता तर उपसणारेही गेले असते. अशा वेळी गणित निर्णय देत नाही. कोणत्या निर्णयाची किंमत काय, एवढंच ते दाखवतं. निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो, आणि ज्यांची माणसं आत आहेत त्यांना विचारून घ्यावा लागतो.

या नोंदीत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. २७ आणि ५७ हे आकडे वेगळे ठेवले गेले. "८४ मृत" असं लिहिणं सोपं होतं आणि ते खरंही असेल. पण 'मृतदेह मिळाला' आणि 'मिळाला नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदाही त्या वेगळ्या मानतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ नुसार, ज्याच्याबद्दल एरवी कळलं असतं अशांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. नव्या साक्ष अधिनियमातही हीच मुदत आहे. मागे राहिलेल्यांसाठी 'बेपत्ता' या एका शब्दावर वारसा, जमीन, दाखले असं बरंच काही अडू शकतं.

आता तुमच्या कामाकडे या. उद्या तुम्ही लिहाल, 'या औषधाचा परिणाम आढळला नाही', 'या ओढ्यात ही प्रजाती आढळली नाही', 'दफ्तरात असा उल्लेख मिळाला नाही'. प्रत्येक वेळी खाली चार ओळी लिहा. कुठे शोधलं. कशाने शोधलं. असतं तर दिसण्याची शक्यता किती होती. आणि कुठे, का थांबलो. नमुना वीसचा होता की दोनशेचा, ओढा मे महिन्यात पाहिला की ऑगस्टमध्ये, दफ्तरातले किती रुमाल सोडले, सगळं लिहा. मार्गदर्शक विचारणार नाहीत कदाचित, तरी लिहा.

तुमच्यानंतर कुणीतरी त्याच घळीत उतरणार आहे. तुम्ही ती स्वच्छ उन्हात पाहिली होती की धुक्यात, हे त्याला तुमच्या वहीतूनच कळणार आहे.