अंबाजोगाई : एक अक्षरतीर्थ

श्रोतेहो, महाराष्ट्रांतील इतिहासप्रसिद्ध स्थळें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें गडकोट तरी उभे राहतात किंवा राजधान्यांचे भग्नावशेष तरी. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई या दोन्ही वर्गांत मोडत नाहीं. दौलताबादेसारखा दुर्ग तेथें नाहीं कीं पैठणसारखें राजधानीचें वैभव नाहीं. असें असूनही मराठी भाषेच्या वाटचालीविषयीं ज्याला आस्था आहे, त्यानें हें गांव एकदां तरी पाहावें, असें मी आग्रहानें म्हणतों. तें कां, हेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम मुलूख पाहूं. आगगाडी परळीपर्यंत नेते; तेथून पुढें रस्त्यानें बालाघाटाचे डोंगर चढावे लागतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत सांपडलेला हा प्रदेश. काळ्या खडकावर मातीचा पातळ थर, खुरटीं झुडपें, ज्वारी-बाजरीचीं शेतें आणि आभाळाकडे लागलेले डोळे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्ध मंडळींच्या स्मरणांतून गेलेला नाहीं. आजही दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीसाठीं परमुलखांत जातात. जेथें जगणेंच इतकें कठीण, तेथें विद्येची जोपासना व्हावी कशी, असा प्रश्न पडतो. आणि त्याचें उत्तर हें गांव आपल्या परीनें देतें.

जयंती नदीच्या कांठीं योगेश्वरीचें देऊळ आहे. येथून शेंकडों मैल दूर असलेल्या कोंकणांतील अनेक चित्पावन घराण्यांची ही कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशीं देवीचा विवाह ठरला, परंतु मुहूर्त टळला आणि सारें वऱ्हाड पाषाणरूप झालें, अशी लोककथा आहे. गांवाजवळील खडकांत कोरलेल्या लेण्याला ‘हत्तीखाना’ म्हणतात. तेथील दगडी हत्ती व नंदी पाहिले म्हणजे लोककल्पनेला हें वऱ्हाड कोठें सांपडलें असावें, हें सहज उमगतें.

कथेकडून इतिहासाकडे आणतात ते येथील शिलालेख. देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजाचा सेनापति खोलेश्वर याचें या गांवाशीं निकटचें नातें होतें. त्याच्या घराण्याचे शके ११५० व ११६२, म्हणजे इ. स. १२२८ व १२४० चे संस्कृत लेख येथें मिळाले आहेत. खोलेश्वराचा पुत्र राम गुजराथच्या स्वारींत नर्मदातीरीं लढतां लढतां पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ येथें रामनारायणाचें देऊळ बांधविलें. विजयाच्या प्रशस्ति पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतात. परंतु रणांगणावरून न परतलेल्या भावासाठीं बहिणीनें केलेली ही आठवण मनाला निराळाच चटका लावून जाते. यादवांचें राज्य जाऊन सात शतकें झालीं, तरी तें बहिणीचें दुःख दगडानें सांभाळून ठेविलें आहे.

येथून जवळच, नदीच्या खोऱ्यांत, मुकुंदराजांची समाधि दाखवितात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मधील मानला जातो. म्हणजे शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीहून शंभरावर वर्षांनीं जुना. येथें मात्र आपण सावध राहिलें पाहिजे. या कालाविषयीं संशोधकांत एकमत नाहीं. पोथ्यांतील भाषा इतकी जुनी वाटत नाहीं, अशी शंका घेतली गेली आहे. नकला करणाऱ्यांनीं ती बदलत नेली असेल, हें त्यावरील एक उत्तर. स्थळाविषयींही वाद आहे. पोथ्यांत अंबानगरी वैन्यगंगेच्या तीरीं असल्याचें म्हटलें असल्यामुळें विदर्भांतील वैनगंगेकांठचें आंभोरें हेंच तें स्थान, असें दुसरा पक्ष म्हणतो. या वादाचा निकाल अभिमानानें लागावयाचा नाहीं. तो पुराव्यानेंच लागला पाहिजे. परंतु एका मराठी ग्रंथकारासाठीं दोन प्रांतांनीं हक्क सांगावा, यांत भाषेचा गौरवच आहे.

दासोपंतांविषयीं मात्र असा संशय नाहीं. शके १४७३ मध्यें बीदरच्या मुलखांत जन्मलेले हे दत्तभक्त अंबाजोगाईस स्थायिक झाले व शके १५३७ मध्यें येथेंच समाधिस्थ झाले. वडील देशपांडे; दुष्काळांत सारा भरतां न आल्यामुळें बादशहानें या मुलाला ओलीस ठेविलें होतें, अशी कथा आहे. पुढें याच मुलानें गीतेवर ‘गीतार्णव’ नांवाची प्रचंड टीका लिहिली. तिची ओवीसंख्या परंपरेनें सव्वा लाख सांगतात. परंतु त्यांची खरी अपूर्व कृति म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे जाड सुताचें पांघरूण. सुमारें २४ हात लांब व अडीच हात रुंद अशा वस्त्रावर त्यांनीं ‘पंचीकरण’, म्हणजे पंचमहाभूतांपासून देह व विश्व कसें घडलें हा विषय, स्वतः लिहून काढला. कापड कुजतें, कसर लागते, शाई उडते; तरी चारशें वर्षें हें वस्त्र टिकलें. त्यामागें राजाज्ञा नव्हती. एका घराण्याची निष्ठा होती.

पुढें निजामी अमलांत गांवाचें नांव मोमिनाबाद झालें आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी येथें पडली. कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा काळीं येथें योगेश्वरीच्या नांवानें शाळा चालली. १९३५ सालीं स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक म्हणून आले. १९३८ सालीं ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहांत उतरले व पुढें साऱ्या मुक्तिलढ्याचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली आणि कालांतरानें गांवाला आपलें जुनें नांवही परत मिळालें.

एकाच गांवांत अक्षर कसें दगडावरून पोथींत, पोथींतून वस्त्रावर आणि वस्त्रावरून शाळेच्या फळ्यावर आलें, हें आपण पाहिलें. आरंभीं त्याला सेनापतीचा आश्रय होता. पुढें तें साधूनें, गृहस्थानें आणि शिक्षकानें सांभाळलें. तेव्हां श्रोतेहो, अंबाजोगाईस गेलांत तर देवीचें दर्शन अवश्य घ्या, हत्तीखानाही पाहा. परंतु शिलालेखाच्या झिजत चाललेल्या ओळींपुढें आणि दासोपंतांच्या देवघरापाशीं क्षणभर अधिक थांबा. दगड उन्हापावसानें झिजतो, सूत त्याहून लवकर विरतें. पूर्वजांनीं दुष्काळांतही जें जपलें, तें सुकाळांत आपल्या हातून हरवूं नये, एवढीच जबाबदारी आतां आपल्यावर आहे.