सोंगाची शेपटी

सोंगाची शेपटी : प्राण्याचे किंवा प्राणिरूप देवतेचे सोंग घेणाऱ्याच्या कमरेला बांधायची कृत्रिम शेपटी. कापड, दोरी, ताग, लोकर अशा अनेक वस्तूंपासून ती करतात. या नोंदीत केसांच्या पट्ट्यांपासून केलेल्या शेपटीचा विचार केला आहे. एका कडेला शिवणीत पकडलेले आणि दुसऱ्या कडेला मोकळे सुटलेले केस म्हणजे केसपट्टी. केशभूषेच्या बाजारात तिला ‘वेफ्ट’ म्हणतात.

परंपरा व प्रसंग : विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात सोंग सजवण्याचे प्रसंग वर्षभर येतात. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन मिरवणाऱ्या, घरोघर बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागणाऱ्या मुलांचा हा सण विदर्भाचा खास सण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत, १८०६ मध्ये, तो सुरू झाल्याचे परंपरेने सांगितले जाते. या दिवशी मुलांना नटवून नेतात आणि गावोगावी वेशभूषा स्पर्धाही होतात. पुढे नवरात्रात यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव असतो. दिवाळीच्या सुमारास गोंड व कोलाम वस्त्यांतून दंडार हे नृत्यनाट्य रंगते. शाळांची स्नेहसंमेलने आणि रामनवमीच्या शोभायात्राही आहेतच. मारुती, सिंह, बैल, घोडा ही सोंगे अशा वेळी उभी राहतात. मारुतीचे सोंग घेऊन दारोदार फिरणारे बहुरूपी हे या परंपरेचे सर्वांत परिचित रूप होय.

जगाच्या रंगभूमीवरही शेपटी जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधील सॅटर (अर्धमानव-अर्धपशू) पात्रांच्या नाटकांत वृंदातील नट कमरेच्या केसाळ वस्त्राला घोड्याची शेपटी लावत. इ. स. पू. ४०० च्या सुमाराचे, आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेले ‘प्रोनोमोस’ नावाने ओळखले जाणारे चित्रित भांडे याचा स्पष्ट पुरावा देते.

प्राण्याचे निरीक्षण : सुई हाती घेण्यापूर्वी खऱ्या प्राण्याची शेपटी नीट पाहणे आवश्यक असते. बैलाची शेपटी बहुतेक लांबी आखूड केसांची असते आणि शेवटी तिला लांब केसांचा गोंडा असतो. सिंहाच्या शेपटीचा गोंडा त्याहून लहान असतो. घोड्याचे लांब केस शेपटीच्या मुळापासूनच सुटतात. वानराची शेपटी लांब, निमुळती आणि आखूड केसांची, तर खारीची पूर्ण लांबी झुबकेदार असते. म्हणून बैल आणि सिंह यांना केसपट्टी केवळ टोकाला लागते, घोड्याला मुळापासून आणि खारीला सर्वत्र लागते. वाघाच्या शेपटीला ती लागतच नाही. रंगवलेले मखमली कापड तिथे अधिक खरे दिसते.

मारुतीच्या बाबतीत मूर्तिपरंपरा मार्गदर्शक ठरते. हात जोडलेल्या दासमारुतीची शेपटी जमिनीवर रुळते, तर वीरमारुतीची शेपटी वर उभारलेली असते. पहिलीचा गाभा मऊ दोरीचा हवा. दुसरीला तारेचा आधार लागतो.

साहित्य : पूर्वी गावातल्या नाटकांत दाढ्या आणि जटा ताग-अंबाडीच्या तंतूंच्या करीत. अंबाडी विदर्भाच्या शेतात धुऱ्याला सहज येत असल्याने तिचा तंतू हाताशी असे. आज तीन प्रकारचे केस वापरता येतात.

(१) मानवी केस : विंचरताना गळणारे गुंतवळ आणि देवस्थानांत मुंडनातून जमा होणारे केस हे याचे दोन मोठे स्रोत आहेत. गुंतवळाच्या बदल्यात भांडी किंवा किरकोळ वस्तू देणारे फेरीवाले खेड्यांतून फिरतात. तिरुमला देवस्थान मुंडनाच्या केसांचा लिलाव करते. मुंडनाच्या केसांची मुळे एका बाजूला राखता येतात. त्यामुळे केसांवरचे सूक्ष्म खवले एकाच दिशेने राहतात व गुंता कमी होतो. गुंतवळात मुळे व टोके मिसळलेली असल्याने ते लवकर गुंतते. मानवी केस रंगवता येतात, मात्र दमट हवेत त्यांचे वळण टिकत नाही. पोळा ऐन पावसाळ्यात येत असल्याने ही अडचण इथे नेहमी जाणवते.

(२) कृत्रिम केस : जपानच्या कानेका कंपनीने १९५७ मध्ये कानेकॅलॉन हा मोडॅक्रिलिक तंतू बाजारात आणला. वेणीच्या कृत्रिम केसांसाठी तो जगभर वापरला जातो. काडीला गुंडाळून गरम पाण्यात बुडवला की तो घेतलेले वळण धरून ठेवतो. म्हणून सोंगाच्या शेपटीला कृत्रिम केस सोयीचे पडतात. नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे केस स्वस्त असले तरी त्यांना नको इतकी चमक असते.

(३) गंगावन : स्त्रियांच्या शृंगारसाहित्याच्या दुकानात मिळणारे गंगावन उसवले की लहान शेपटीपुरते केस निघतात. जुन्या काळी गंगावनासाठी चमरी गाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीचे केस वापरीत. एकेकाळी शेपटीचे केस वेणीत गुंफले जात, आता वेणीचे केस शेपटीला लागतात.

वन्य प्राण्यांची खरी शेपटी किंवा कातडे वापरू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे. केळापूर तालुक्यात टिपेश्वर अभयारण्य असलेल्या या जिल्ह्यात हे भान विशेष जपले पाहिजे.

माप : पट्टी किती लागेल हे आधी काढता येते. केस लावायच्या भागाची लांबी भागिले दोन ओळींतील अंतर म्हणजे ओळींची संख्या. तिला सरासरी घेराने गुणले की पट्टीची लांबी मिळते. ६० सेंमी. लांब, सरासरी १२ सेंमी. घेराच्या झुबकेदार शेपटीला दर २.५ सेंमी.वर ओळ धरल्यास २४ ओळी, म्हणजे सुमारे ३ मी. पट्टी लागते. बैलाच्या २० सेंमी. गोंड्याला ६ सेंमी. घेर धरून ८ ओळी, म्हणजे जेमतेम अर्धा मीटर पुरते. खऱ्या शेपटीचे निरीक्षण केल्याने खर्च असा वाचतो.

कृती : प्रथम गाभा करतात. लोंबत्या शेपटीसाठी सुती दोरी आणि उभ्या शेपटीसाठी ॲल्युमिनियमची तार घेतात. तारेचे टोक वळवून त्यावर कापड घट्ट गुंडाळणे अनिवार्य आहे, कारण गर्दीत उघडे टोक शेजारच्या मुलाच्या डोळ्याला लागू शकते. केसांच्याच रंगाच्या कापडाची निमुळती पिशवी शिवून ती गाभ्यावर चढवतात. कापडाचा रंग जुळल्यास ओळींमधील फट दिसत नाही. भरणासाठी या कापूसपट्ट्यात रुई सहज मिळते. पण ती घामाने जड होते व दबते, म्हणून टोकाकडे कृत्रिम तंतूचे हलके भरण बरे.

मग पिशवीवर खडूने ओळी आखतात आणि पट्ट्या टोकाकडून मुळाकडे लावत जातात. घरावर कवेलू जसे वळचणीपासून आढ्याकडे चढवत नेतात, तसाच हा क्रम आहे : वरची प्रत्येक ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. हा क्रम उलटा केल्यास प्रत्येक शिवण उघडी पडते. पट्टी उलट्या टिपेने शिवतात. सुई पट्टीच्या शिवणीतून न काढता तिच्या भोवतीने काढावी, नाहीतर शिवणीचा दोरा तुटून केस गळतात. गोंदाने काम लवकर होते, पण वाळलेला गोंद कडक होऊन शेपटीची लवचिकता घालवतो. शेवटी रुंद दातांच्या फणीने टोकाकडून विंचरत येतात आणि केस कमी-जास्त लांबीचे कापतात. सरळ रेषेत कापलेली टोके कुंच्याची वाटतात, शेपटीची नाही.

जोडणी : शेपटी कपड्याला टाचू नये, कारण तिच्या ओढीने कपडा घसरतो. ४ ते ५ सेंमी. रुंद निवारीचा पट्टा कमरेला आतून बांधावा. त्यावर मागच्या बाजूला जाड रेक्झिनचा त्रिकोणी तुकडा शिवून शेपटीचे मूळ त्यात पक्के करावे आणि पोशाखाला पाडलेल्या छेदातून शेपटी बाहेर काढावी. मूळ माकडहाडाच्या किंचित वर आले, की चालताना कमरेची प्रत्येक हालचाल शेपटीत उतरते. प्रेक्षक शेपटी ओळखतो ती या हालचालीवरून. म्हणून केसांच्या दाटपणाइतकेच जोडणीच्या जागेलाही महत्त्व आहे. लहान मुलाची शेपटी पाव किलोच्या आत ठेवावी आणि जमिनीपासून चार बोटे वर राहील इतकीच लांब करावी.

काळजी व सुरक्षितता : कृत्रिम केस थंड पाण्याने धुवावेत, मानवी केस सौम्य शांपूने. दोन्ही प्रकारच्या शेपट्या सावलीत, मूळ वर करून टांगून वाळवतात. लंकादहनाच्या प्रसंगी शेपटीला खरी आग लावू नये. मोडॅक्रिलिक तंतू आग दूर केल्यावर विझतो, पण नायलॉन व पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतात. लाल-पिवळ्या चमकत्या फिती आणि विजेरीचा प्रकाश यांनी तो प्रसंग परिणामकारक उभा राहतो.

महत्त्व : तयार पोशाख भाड्याने मिळू लागल्यापासून घरी शेपटी करण्याची रीत मागे पडत आहे. भाड्याच्या पोशाखात बैल आणि वानर यांना पुष्कळदा एकाच घाटाची शेपटी असते. घरी केलेली शेपटी मुलाच्या उंचीची आणि त्याच्या चालीला जुळणारी असते. शिवाय ती करताना मूल गोठ्यातल्या बैलाकडे आणि झाडावरच्या वानराकडे नव्याने पाहू लागते. म्हणून शाळांच्या कार्यानुभवाच्या तासात आणि तान्ह्या पोळ्याच्या तयारीत या हस्तकलेला जागा मिळायला हवी. तिला लागते ते फक्त थोडे केस, थोडे कापड, एक सुई आणि प्राण्याकडे पाहण्याची सवड.