जतन, हिफाजत आणि हिफ्ज

मराठीतला 'जतन' हा शब्द संस्कृत 'यत्न'वरून आला. म्हणजे त्याच्या मुळाशी नुसते ठेवून देणे नाही, खटपट आहे. आपल्या घरात जो शब्द जास्त चालतो तो 'हिफाजत'. त्याचे मूळ अरबी 'हिफ्ज'. हिफ्ज म्हणजे राखणे, आणि हिफ्ज म्हणजेच पाठ करणे. कुरआन पाठ असलेला हाफिज याच धातूतून आला आणि दफ्तर सांभाळणारा मुहाफिजही. सरकारी जुने कागद जिथे ठेवतात त्या जागेला उर्दूत मुहाफिजखानाच म्हणतात.

हे दोन अर्थ एकत्र का आले, ते इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासात दिसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे ६३२ मध्ये निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले बरेच लोक मारले गेले. हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली. माणसे गेली तर कलामही जाईल. त्यांनी खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांना तो एकत्र लिहून घ्यायला सुचवले. काम आले झैद बिन साबित यांच्याकडे. एखादा डोंगर हलवायला सांगितले असते तरी सोपे वाटले असते, असे त्यांना झाले. स्वतःला पाठ असूनही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. खजुराच्या फांद्यांवर, दगडांवर लिहिलेले शोधले, लोकांच्या तोंडून ऐकले, ताडून पाहिले. ही प्रत पुढे उमर (रजि.) यांची कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांच्यापाशी राहिली. खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांनी नकला करवल्या त्या तिच्यावरूनच. कागद आला म्हणून पाठांतर मात्र थांबले नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

दख्खनमध्ये दुसऱ्या तऱ्हेचे जतन पाहायला मिळते. विजापूरच्या आसार महालात आदिलशाही काळातली अरबी-फारसी हस्तलिखिते होती. शहाजीराजे ज्या दरबारात होते, तोच हा दरबार. १८५३ मध्ये इंग्रजांनी ती लंडनला नेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे ती टिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. इथे वाळवीने काय केले असते कोण जाणे! पण ज्या शहराची ती होती तिथल्या वाचणाऱ्याला ती दुर्मीळ झाली.

आणि आपण? कितीतरी घरांत, दर्ग्यांत, मशिदींच्या कमिट्यांकडे इनामाच्या सनदा आहेत, काही फारसीत, काही मोडीत. फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवलेल्या. बुजुर्गांनी त्या सांभाळल्या हे खरेच मोठे काम. पण त्यात कोणती जमीन, कुणाला, कशासाठी दिली आहे, हे घरातल्या कुणाला सांगता येत नाही. मोडी वाचणारा अजून सापडतो, पण त्याला बोलावत नाहीत. पुष्कळदा ट्रंक उघडते ती कज्जा कोर्टात गेल्यावर, आणि तोवर घडीवरची ओळ झिजून गेलेली असते.