तांबे व सोने यांचे भूभौतिकीय पूर्वेक्षण

जमिनीखाली दडलेल्या धातुकांच्या (कच्च्या धातूंच्या) साठ्यांचा शोध खडकांचे चुंबकत्व, विद्युत् संवाहकता, घनता इ. भौतिक गुणधर्म मोजून घेण्याच्या पद्धतीला भूभौतिकीय पूर्वेक्षण म्हणतात. वेधन (जमिनीत खोल भोके घेणे) अतिशय खर्चाचे असल्याने ते कोठे करावे व कोठे करू नये, हे ठरविणे हा या मापनांचा मुख्य हेतू असतो. तांबे आणि सोने यांच्या बाबतीत हा प्रश्न सारखा नाही. कॅल्कोपायराइट हे तांब्याचे प्रमुख धातुक सल्फाइडी असून विजेचे संवाहक आहे; त्यामुळे त्याचे मोठे साठे विद्युत् उपकरणांना जाणवतात. सोने स्वतः उत्तम संवाहक असले, तरी खाणीतील एक टन खडकात ते सामान्यतः काही ग्रॅमच असते. म्हणून सोन्याचा शोध हा प्रत्यक्षात त्याच्याबरोबर आढळणारी सल्फाइडी खनिजे, चुंबकीय खडक व भंगलेले पट्टे यांचा शोध असतो.

इतिहास : कॉर्नवॉलमधील (इंग्लंड) तांब्याच्या खाणींत धातुकशिरांमधून नैसर्गिक विद्युत् प्रवाह वाहतात, असे रॉबर्ट वेअर फॉक्स यांनी १८३० मध्ये दाखवून दिले. भूजलामुळे सल्फाइडांचे ऑक्सिडीभवन होत असताना साठ्याच्या माथ्यावर विद्युत् वर्चस् कमी होते. हे मोजण्याच्या स्वयंवर्चस् पद्धतीने काँराद श्लंबर्गर या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये सर्बियातील बोर येथे तांब्याचा साठा शोधून काढला. जमिनीत विद्युत् प्रवाह सोडून खडकांची रोधकता मोजण्याची पद्धतीही त्यांनीच याच सुमारास विकसित केली.

सोन्याच्या संदर्भातील उद्‌बोधक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. विटवॉटर्झरँड भागातील सुवर्णयुक्त थर नव्या खडकांखाली गाडले गेले होते. सोने चुंबकीय नाही. पण त्या थरांखाली ठरावीक अंतरावर लोहयुक्त शेल खडक आहेत. रूडॉल्फ क्राहमान यांनी १९३० मध्ये चुंबकमापकाने या शेलांचा माग घेतला आणि त्यावरून सोन्याच्या थरांची दिशा निश्चित केली. त्यातून मोठ्या खाणींचा एक नवा पट्टाच उदयास आला.

खडकात विखुरलेले तांबे रोधकतेवरून सहज ओळखता येत नाही. त्यासाठी प्रवर्तित ध्रुवण ही पद्धती १९५० च्या सुमारास प्रचारात आली. जमिनीत सोडलेला प्रवाह खंडित केल्यावर सल्फाइडांच्या कणांभोवती साठलेला विद्युत् भार हळूहळू ओसरतो. हे ओसरणे या पद्धतीत मोजतात. याच काळात विमानातून विद्युत् चुंबकीय सर्वेक्षण होऊ लागले. कॅनडातील किड क्रीक येथील तांबे व जस्त यांचा प्रचंड साठा अशाच हवाई सर्वेक्षणाने सुचविला आणि १९६३ मधील वेधनाने तो सिद्ध झाला.

भारत : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८५१ मध्ये झाली, तिच्यात भूभौतिकीचा स्वतंत्र विभाग मात्र १९४५ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत उघडे पडलेले खडक व प्राचीन खाणींचे अवशेष हेच प्रमुख मार्गदर्शक होते. हैदराबाद येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था स्थापन झाली. राजस्थान, बिहार व आंध्र प्रदेश यांतील निवडक भागांचे हवाई सर्वेक्षण अमेरिकेच्या साहाय्याने १९६७-६८ मध्ये करण्यात आले. तपशीलवार समन्वेषण व वेधन यांसाठी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या खनिज समन्वेषण निगमाचे मुख्यालय नागपूर येथे आहे. देशव्यापी हवाई भूभौतिकीय मानचित्रणाचा कार्यक्रम २०१७ मध्ये हाती घेण्यात आला.

महाराष्ट्र : राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. धातुकांच्या दृष्टीने महत्त्वाचे प्राचीन खडक मुख्यतः पूर्व विदर्भात व दक्षिण कोकणात उघडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना व दुबारपेठ येथे, तसेच नागपूर जिल्ह्यातील पुलर-परसोडी भागात तांब्याची धातुके आढळली असून परसोडी येथे सोन्याचेही अस्तित्व दिसून आले आहे. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील (मध्य प्रदेश) मलाजखंड येथे १९८२ पासून तांब्याची मोठी उघडी खाण चालू झाली. खुद्द महाराष्ट्रात मात्र या दोन्ही धातूंचे खाणकाम होत नाही. आढळ आणि किफायतशीर साठा यांतील अंतर त्यावरून स्पष्ट होते.

बेसाल्टाखाली काय आहे, हा प्रश्न यामुळेच महत्त्वाचा ठरतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथील १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या वेधनछिद्रात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली, कोयना भागातील एका छिद्रात ती ९३० मी.हून अधिक आढळली. दोन्ही ठिकाणी त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागले. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीजवळील नारपोलीसारख्या ठिकाणी पायाखाली हाच बेसाल्ट आहे. उत्तर अमेरिकेत सुपीरिअर सरोवराकाठी बेसाल्टातून नैसर्गिक तांबे काढले गेले. दक्षिण ट्रॅपमध्ये तसा खाणयोग्य साठा मिळालेला नाही. त्यातच बेसाल्ट स्वतः चुंबकित असल्याने खालच्या खडकांचे चुंबकीय संकेत झाकोळतात. येथे रोधकता मापनाचा उपयोग मुख्यतः भूजल शोधण्यासाठी होतो.

मर्यादा : यंत्रमाग, वीजवाहिन्या व लोखंडी सांगाड्यांची गोदामे यांनी गजबजलेल्या भिवंडीसारख्या परिसरात सूक्ष्म चुंबकीय व विद्युत् मापने विश्वसनीय ठरत नाहीत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवावे लागले. चुंबकीय क्षेत्र दिवसभरात सतत बदलत असते. हा बदल वजा केल्याशिवाय सर्वेक्षणाचे आकडे निरर्थक ठरतात. म्हणून अशा स्थिर केंद्रावरील नोंदी पूर्वेक्षकालाही आवश्यक असतात.

उपकरणाने दाखविलेली असंगती म्हणजे धातुक नव्हे. ग्रॅफाइटयुक्त खडक, तांबेविरहित पायराइट व चिकणमाती यांचेही संकेत फसवे असतात. त्यामुळे भूवैज्ञानिक मानचित्रण, माती व खडक यांचे रासायनिक विश्लेषण आणि दोन-तीन भूभौतिकीय पद्धती यांचे निष्कर्ष एकत्र जुळल्यावरच वेधन करतात. अंतिम निर्णय वेधनातून मिळालेल्या खडकाच्या नमुन्यांवरच अवलंबून असतो.