वक्र आरसे : इतिहास व उपयोग

ज्या आरशाचा परावर्तक पृष्ठभाग सपाट नसून वक्र असतो, त्यास वक्र आरसा म्हणतात. पोकळ गोलाच्या आतील बाजूने परावर्तन होत असल्यास आरसा अंतर्वक्र व बाहेरील बाजूने होत असल्यास बहिर्वक्र असतो. अंतर्वक्र आरशाच्या अक्षाला समांतर येणारे किरण परावर्तनानंतर नाभी या बिंदूपाशी एकत्र येतात. वस्तू नाभीच्या पलीकडे असल्यास तिची उलटी व पडद्यावर घेता येणारी सत् प्रतिमा मिळते. ती नाभीच्या आत असल्यास सुलटी, मोठी व आभासी प्रतिमा दिसते. दाढीच्या आरशात व दंतवैद्याच्या आरशात हाच गुण उपयोगी पडतो. बहिर्वक्र आरशातील प्रतिमा सुलटी, लहान व आभासी असते. क्षेत्र विस्तृत दिसत असल्याने तो वाहनांना लावतात. मात्र मागील वाहन प्रत्यक्षाहून दूर असल्याचा भास होतो.

वक्र आरशांचा अभ्यास प्रथम उष्णता एकवटण्याच्या हेतूने झाला. इ. स. पू. दुसऱ्या शतकात ग्रीक गणिती डायोक्लीझ यांनी अन्वस्तीय आरसा समांतर किरण एकाच बिंदूत आणतो, हे सिद्ध केले. गोलीय आरशात कडेचे किरण नेमके त्या बिंदूत येत नाहीत, हा दोष (गोलीय विपथन) इब्न अल्-हैसम (सु. ९६५–१०४०) यांनी अभ्यासिला. न्यूटन यांनी १६६८ मध्ये पहिला परावर्ती दूरदर्शक तयार केला. त्याचा आरसा तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचा असून तो लवकर काळवंडे. १८५६–५७ च्या सुमारास श्टाइनहाइल व फूको यांनी काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची पद्धती अवलंबिली. थर खराब झाल्यास काचेचा आकार न बिघडविता तो पुन्हा देता येऊ लागला.

या प्रगतीचा लाभ महाराष्ट्रास पुण्यात मिळाला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य यांतून कावसजी दादाभाई नायगामवाला (१८५७–१९३८) यांनी तेथील विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेला तिचा परावर्ती दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता, पुढे त्याचा आरसा २० इंची (सु. ५१ सेंमी.) होता. नायगामवाला यांनी मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटातील मुख्य रेषा तपासून ती रेखीव असल्याचे दाखविले आणि ती मॅग्नेशियमामुळे येते हे लॉकयर यांचे मत त्यामुळे दुबळे ठरले. परंतु वेधशाळेचा सर्व भार एका व्यक्तीवर होता. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच ती बंद झाली व उपकरणे कोडईकानलला गेली.

आरसा किती अचूक हवा, हे त्यावर पडणाऱ्या तरंगांच्या लांबीवर अवलंबून असते. दृश्य प्रकाशाच्या आरशात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही प्रतिमा बिघडविते. उलट, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या रेडिओ दूरदर्शकाच्या ४५ मी. व्यासाच्या ३० अन्वस्तीय तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत. तरंगलांबी मोठी असल्याने जाळीची छिद्रे नगण्य ठरतात. केवळ उष्णता हवी असल्यास प्रतिमेच्या रेखीवपणाची आवश्यकताच नसते. शिर्डी येथे २००९ मध्ये भाविकांचे अन्न शिजविण्यासाठी वाफ तयार करणारे ७३ सौर परावर्तक बसविण्यात आले. मोटारीच्या पुढील दिव्यात हीच क्रिया उलट घडते : नाभीपाशी असलेल्या दिव्याचा प्रकाश समांतर झोत होऊन दूर जातो. डायोक्लीझ यांचा जुना सिद्धांत अशा रीतीने वेधशाळेत, स्वयंपाकघरात व रस्त्यावर सारखाच लागू पडतो.