शिक्का कुणाचा, हात कुणाचे?

माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'दूधवालीचा शिक्का असलेले हे पाईप एकाच कारागिराचे आहेत.' सरांनी बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'हा माणूस शंभर वर्षं काम करत होता का?'

मुद्दा बरोबर होता. तंबाखू महाग होती तेव्हा पाईपची वाटी लहान असे, पुढे ती मोठी होत गेली. माझ्या तुकड्यांमध्ये दोन्ही प्रकार होते. मग शिक्का एकच कसा?

उत्तर नेदरलँड्समधल्या गाउडा शहरात मिळतं. तिथे मातीचे पाईप बनवणाऱ्यांचं गिल्ड, म्हणजे उस्ताद कारागिरांची संघटना, १६६० मध्ये स्थापन झालं. नुसतं काम येऊन भागत नसे. आधी एखाद्या उस्तादाकडे शिकायचं, मग गिल्डमध्ये प्रवेश मिळवायचा आणि स्वतःचा शिक्का नोंदवायचा. हा शिक्का वारसानं मिळे, विकता येई, भाड्यानंही देता येई. थोडक्यात, शिक्का ही मालमत्ता होती, माणसाची सही नव्हे.

आता काम बघा. आपली चिलीम कुंभाराच्या चाकावर होते, हा पाईप साच्यात होई. पांढऱ्या मातीची लांब वळी करायची, टोकाला गोळा ठेवायचा. वळीतून तार आरपार घालायची. ती जरा वाकडी गेली की माल वाया. मग धातूच्या दोन पाखी साच्यात दाबून वाटी पोकळ करायची, कडा तासायच्या, अकीकाच्या दगडानं घासून चकाकी आणायची आणि भट्टीत भाजायचं. एका पाईपला किती हात लागले! त्यात बायका आणि मुलंही होती. नवरा गेल्यावर विधवेनं धंदा चालवल्याची उदाहरणं आहेत. पण मातीवर उमटला तो फक्त शिक्का.

म्हणून 'कारागीर कसा घडला?' असा प्रश्न घेऊन तुम्ही दप्तरात बसलात, तर आधी विचारा: ही नोंद कुणी, कशासाठी ठेवली? गिल्डला हक्क कुणाचा हे लिहायचं होतं, कौशल्य कुणाचं हे नाही. तासणारी बाई दप्तरात सापडली नाही म्हणून ती नव्हतीच, असं म्हणता येत नाही. कडेवरच्या चाकूच्या खुणा ती होती एवढं तरी सांगतात.

ते वाक्य मी खोडलं. आता तिथे लिहिलंय: 'एकाच शिक्क्याचे पाईप.' शब्द दोनच बदलले, पण त्यासाठी अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.