कॉमन रेल : डिझेलच्या फवाऱ्याचे गणित

एसटीच्या जुन्या गाडीत चालकाच्या केबिनलगतच्या आसनावर बसून ज्यांनी घाट चढला आहे, त्यांना डिझेल इंजिनाच्या ‘टकटकी’ची ओळख करून द्यायला नको. आजची डिझेल मोटार मात्र सिग्नलला शेजारी येऊन थांबली तरी चटकन ओळखू येत नाही. हा बदल मुख्यतः घडवला तो सिलिंडरमध्ये इंधन सोडण्याच्या पद्धतीने.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. दट्ट्या सिलिंडरमधील हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. परंतु फवारणी आणि पेट यांच्यात क्षणमात्र विलंब असतो. त्या विलंबात साचलेले इंधन एकदम भडकते, दाब झटक्याने वाढतो आणि तीच टकटक आपल्या कानी पडते. फवाऱ्याचे थेंब जाड राहिले तर ते पुरते जळत नाहीत; मागे काळा धूर सुटतो.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत ढकलले जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर मोटारीत मावणे अशक्यच होते. १९२७ मध्ये बॉश कंपनीने यांत्रिक इंधन-पंपाचे उत्पादन सुरू केले आणि रस्त्यावरील डिझेल इंजिनाचा प्रसार सोपा झाला. मात्र या पंपाचा दाब इंजिनाच्या गतीशी जखडलेला होता. इंजिन मंद असताना दाबही कमी, म्हणजे चढावर नेमकी गरज असताना फवारा दुबळा.

‘कॉमन रेल’ने दाब निर्माण करण्याचे आणि इंधन फवारण्याचे काम वेगळे केले. इमारतीच्या गच्चीवरील टाकीसारखीच ही व्यवस्था. पंप आपल्या सवडीने टाकी भरतो, नळ आपण हवा तेव्हा सोडतो. येथे टाकीच्या जागी पोलादाची जाड नळी, म्हणजेच रेल असते आणि सर्व सिलिंडरचे इंजेक्टर तिला जोडलेले असतात. १९९५ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने ही पद्धत ट्रकमध्ये आणली. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या इटालियन मोटारीतून ती प्रवासी वाहनांत आली. आपल्याकडील मोटारींच्या पाठीवर दिसणारी ‘सीआरडीआय’, ‘सीआरडीई’ ही अक्षरे तिचीच. नाशिकच्या सातपूर वसाहतीतील बॉशच्या कारखान्यात, म्हणजे नाशिककरांच्या तोंडी आजही असलेल्या ‘मायको’त, इंजेक्टर आणि नोझल तयार होतात.

रेलमधील दाब आता २,००० बार व त्याहूनही अधिक असतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, एवढे सांगितले म्हणजे कल्पना यावी. एवढ्या दाबाविरुद्ध इंजेक्टरची सुई विद्युतचुंबकाने थेट उचलणे कठीण. म्हणून एक युक्ती योजली आहे. सुईच्या वरच्या कप्प्यातही रेलचेच इंधन भरलेले असते, त्यामुळे ती खाली घट्ट बसून राहते. विद्युतचुंबक केवळ वरच्या कप्प्याची चिमुकली झडप उघडतो. तेथील दाब उतरतो, खालचा दाब सुईला वर उचलतो आणि केसाएवढ्या बारीक छिद्रांतून इंधनाचे धुके सिलिंडरमध्ये पसरते. इंधनाच्याच दाबाकडून काम करवून घेणारी ही रचना मोठी मोहक आहे.

मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २५ वेळा घडते. शिवाय प्रत्येक वेळी फवारा एकच नसतो. संगणक आधी एक-दोन घनमिलिमीटर इंधनाची चाहूल देतो. ते पेटून सिलिंडर तापला की मुख्य फवारा आत जातो, म्हणून भडका सौम्य होतो. काही वेळा शेवटी आणखी एक फवारा सोडला जातो. धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळण्यापुरती उष्णता त्यातून मिळते.

या नाजूकपणाची किंमतही आहे. पंप आणि इंजेक्टरच्या भागांमधील फट काही मायक्रॉनचीच असते आणि त्यांचे वंगण म्हणजे खुद्द डिझेल. पाणी शिरले, रॉकेलची भेसळ झाली, की धातूवर धातू घासू लागतो. भेसळीचा धंदा किती निर्ढावलेला असू शकतो, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले तेव्हा महाराष्ट्राने पाहिले आहे.

पंपावर चुकून पेट्रोल भरले गेल्यास किल्लीही फिरवू नये. गाडी ढकलत बाजूला घेऊन टाकी रिकामी करवून घ्यावी. इंजिन सुरू असताना गळती शोधण्यासाठी बोट लावण्याची जुन्या पंपांवरची सवय तर येथे घातकच. ही बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते आणि हे इंधनाच्या दाबामुळे झाले आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते.